तिसरी हाक

सावेडीच्या नाट्यगृहाचे तीन पास शुक्रवारी तिसगावात येऊन पोहोचले, आणि रविवार उजाडेपर्यंत थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या भावाच्या घरात, कोणालाही अन्न गोड लागले नाही.

चांगुणाबाईंनी ते पास प्रथम देवळीत ठेवले, नंतर डब्यात ठेवले आणि रविवारी सकाळी पुन्हा बाहेर काढून उजेडाकडे धरले. त्यांची मुलगी पूजा मिरजगावहून, म्हणजे सासरहून, आदल्याच संध्याकाळी आली होती आणि आरशासमोर पदर लावीत होती.

"पूजे, ही ई म्हंजी कितवी वळ?"

"पाचवी."

"आन् पयली कुनाला?"

"पावण्यांला आसंल."

"मग आमी कोन? पोरीची सख्खी चुलती पाचवीत, आन् सावेडीतल्या शेजारनी पयलीत! तुझ्या चुलतीनंच वळी लावल्या आसतील. भावजीला बिचाऱ्याला काय कळतंय."

"तात्यांला सगळं कळतं," पूजा म्हणाली. टाचणी तोंडात होती, म्हणून शब्द दातांतून आले. "कळत नसतं तर दिशा तिथं उभी ऱ्हायली नसती."

या एका वाक्यात अठरा वर्षांचा विखार साठलेला होता. तो समजावा म्हणून मागील हकिकतीचे थोडे स्मरण देणे येथे प्राप्त आहे.

चांगुणाबाईंचे यजमान गहिनीनाथराव यांची पूजा आणि त्यांचे धाकटे बंधू अजिनाथराव, म्हणजे पूजाचे तात्या, यांची दिशा या दोघी बहिणी एकाच पेटीवर गाणे शिकल्या. पेटी गहिनीनाथरावांची, शिकविणारे हनुमंत मास्तर. पूजा दोन वर्षांनी मोठी. ती पुढे बसून ओळ म्हणे आणि दिशा तिच्या मागे झील धरी, म्हणजे तीच ओळ उचलून म्हणे. पूजा पंधरा वर्षांची असताना पुण्याच्या एका निवासी संगीत विद्यालयाने जिल्ह्यातून एक मुलगी निवडावयाचे ठरविले. परीक्षेत पूजा पहिली आली, दिशा दुसरी. पालकांच्या सहीचा फॉर्म अजिनाथरावांनी पुण्यास नेऊन द्यावा असे ठरले, कारण ते सावेडीत राहत आणि शाळेत शिक्षक असल्याने त्यांना कागदपत्रे कळत. पंधरा दिवसांनी पत्र आले, ते दिशाच्या नावाचे. पूजाचा फॉर्म मुदतीत पोहोचलाच नाही, एवढेच घरात सांगण्यात आले. न पोहोचण्याचे कारण पूजाने आपल्या मनाशी तेव्हाच पक्के केले होते.

दिशा पुण्याहून पुढे जर्मनीला गेली. तेथे ती ऑपेरा शिकली. ज्यात साधे बोलणेसुद्धा गाण्यातच होते, असे ते युरोपातील संगीत नाटक. त्याचाच तिचा खेळ आता सावेडीत होता. पूजा एकोणिसाव्या वर्षी मिरजगावला नांदावयास गेली. तिच्या यजमानांचे हायवेवर खत-बियाण्यांचे दुकान आहे आणि तिला तेथे कसलेही दुःख नाही. फक्त तिचे गाणे गौरीच्या फेरांपुरते उरले.

"चला," गहिनीनाथराव ओसरीवरून म्हणाले. त्यांनी नवा फेटा बांधला होता. "उशीर नगं. गानाऱ्याच्या आधी ऐकनारानं बसावं."

"पाचवीत," चांगुणाबाई म्हणाल्या आणि जीपमध्ये चढल्या.

---

नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर अजिनाथराव एक तासापासून उभे होते. आपल्या मुलीचा खेळ आपल्या गावी होतो आहे, या आनंदाने त्यांचा ऊर भरून यावयास हवा होता. परंतु तिसगावची ती ओळखीची जीप फाटकातून आत वळली, आणि ते नकळत एक पायरी मागे सरले. थोरल्या भावाच्या लेकीसमोर उभे राहताना गेली अठरा वर्षे त्यांचे असेच होत आले होते.

त्यांच्या पत्नी रेणुकाबाई मोरपिशी पैठणी सावरीत पुढे झाल्या.

"या हो जाऊबाई! आम्हाला वाटलं, येता की नाही."

"न येऊन कसं चालंल? पोरगी आमच्याच पेटीवर शिकली," चांगुणाबाई म्हणाल्या. "पातळ नवं दिसतंय."

"दिशानं घेतलं."

"व्हय. आमच्या पूजीनंबी घेतलंय मला. पन एवढं झगझगीत न्हाई. पाचव्या वळीतून दिसायला थोडंच पायजे?"

रेणुकाबाईंचे हसू जागच्या जागी थिजले. अजिनाथराव घाईने मध्ये पडले.

"वहिनी, पासांची गडबड झाली खरी. आयोजकांनीच केली. तुम्ही आणि दादा आमच्या जागेवर बसा, आम्ही मागे जातो."

"मी का मागे जाऊ?" रेणुकाबाई म्हणाल्या. "मी आई आहे तिची."

"नगं, तात्या." पूजाने प्रथमच तोंड उघडले. ती त्यांच्याकडे न पाहता नाट्यगृहाच्या भिंतीवरील मोठ्या फलकाकडे पाहत होती. फलकावर दिशाचा चेहरा होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. "तुमी आमच्यासाठी एकदा मागचं पुढं केलंय. तेवढं बास झालं."

अजिनाथरावांनी भावाकडे पाहिले. गहिनीनाथराव फलकावरची अक्षरे वाचण्यात गढून गेल्यासारखे दिसत होते. वस्तुतः ती अक्षरे इंग्रजी होती आणि गहिनीनाथरावांना इंग्रजी वाचता येत नसे.

---

पडदा वर गेला तेव्हा गहिनीनाथरावांनी सवयीने प्रथम माईक शोधला. तो कोठेही नव्हता.

"माईक न्हाई," ते कुजबुजले.

"मग पाचवीत ऐकू यायचं कसं?" चांगुणाबाईंनी विचारले.

परंतु दिशाने तोंड उघडले आणि तो प्रश्न तेथेच विरून गेला. चौदा वाद्ये एका वेळी वाजत होती, तरीही त्या सर्वांना बाजूस सारून तिचा आवाज पाचव्या रांगेपर्यंत आला, आणि गहिनीनाथरावांच्या जाणत्या कानाला स्पष्ट समजले की तो शेवटच्या रांगेपर्यंतही तसाच जाणार आहे. चाळीस वर्षे त्यांनी भजनी मंडळात पुढे बसून ओळ म्हटली होती. काळी पाचच्या, म्हणजे पेटीच्या अगदी वरच्या पट्टीच्या, स्वरात पहाटेपर्यंत गाणारा पंचक्रोशीत त्यांच्यावाचून दुसरा नव्हता. अलीकडे मात्र मंडळाने कर्णे आणले होते, आणि कर्ण्याशिवाय आपला आवाज देवळाच्या पारापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक होते. या पोरीला कर्णा लागत नाही, हा विचार त्यांना दाताखाली खडा यावा तसा लागला.

कथा साधी होती. एका कोळ्याचे गलबत वादळात बुडाले आहे. गावात सर्वांना ते कळले आहे, फक्त त्याच्या बायकोला कोणी सांगत नाही. गाणे इटालियन भाषेत होते, परंतु रंगमंचावरील एका पट्टीवर मराठी ओळी उमटत होत्या. गावचे लोक तिच्याशी मासळीचे बोलतात, हवेचे बोलतात, लग्नाकार्याचे बोलतात. तेवढे एक सोडून सर्व काही बोलतात.

"सांगत का न्हाईत मेले?" चांगुणाबाई पुटपुटल्या. "एवढी मानसं, आन् एकालाबी त्वांड न्हाई?"

गहिनीनाथरावांनी पायांची अढी बदलली. पलीकडे पूजा खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. ती कथा ऐकतच नव्हती. ती फक्त जागा मोजत होती. येथे दिशाने श्वास घेतला, मी घेतला नसता. येथे तिने स्वर वरून उचलला, मी खालून घासून नेला असता. हा स्वर मला आहे. हाही आहे. हाही. प्रत्येक टाळीबरोबर तिला वाटे की कोणीतरी आपल्या नावाचे पत्र आपल्यासमोर उघडून दुसऱ्याला वाचून दाखवीत आहे. पुढच्या रांगेतून रेणुकाबाईंच्या बांगड्या वाजत, आणि तो आवाज तिला सर्व वाद्यांपेक्षा मोठा ऐकू येई.

शेवटच्या अंकात ती कोळीण खडकावर येऊन उभी राहते आणि समुद्राकडे तोंड करून नवऱ्याला हाका मारते. तीन हाका. पहिल्या हाकेनंतर वाद्ये थोडी वाजली. दुसऱ्या हाकेनंतर एकच वाद्य वाजले, तेही बारीक. तिसरी हाक दिशाने इतक्या वर नेली की मागे कोणीतरी हुंदका दिला. त्यानंतर सर्व वाद्ये एकदम बंद झाली. वाद्यांना इशारे देणाऱ्या काठीवाल्या गृहस्थाने आपली काठी खाली घेतली.

सारे नाट्यगृह निःशब्द झाले.

ही शांतता त्या खेळाचा प्राण होती. परंतु ज्याने चाळीस वर्षे भजनात घालविली त्याला ते कसे कळावे? आमच्याकडे गाणारा ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. उचलली नाही तर गाणाऱ्याचा अपमान होतो. शेतातसुद्धा बांधावरून कोणी हाक मारली तर ऐकणारा, ओळखीचा असो वा नसो, ओ देतो. हाकेला ओ नाही ही गोष्ट फक्त मेलेल्याच्या बाबतीत घडते. गहिनीनाथरावांनी शांततेचा एक क्षण सोसला, दुसरा सोसला. आपल्या घरची पोर एवढ्या लोकांत एकटी उभी आहे आणि तिची झील कोणी धरीत नाही, एवढेच त्यांना दिसले. ते उभे राहिले.

"ओऽऽ" त्यांनी सुरात ओ दिली.

सूर अगदी बरोबर लागला होता. परंतु त्यांनी तो दिशाच्या उंचीवर न्यावयास घेतला, आणि अर्ध्या वाटेत त्यांचा गळा फाटला. मोडक्या स्वराचा एक तुकडा साऱ्या सभागृहाने ऐकला. पाचशे डोकी वळली.

तेव्हा पूजाने तो स्वर उचलला.

तिने विचार करून काही केले नाही. बापाचा आवाज पडला आणि लहानपणापासूनच्या वळणाने तिचा गळा आपोआप उघडला. ती बसल्या जागेवरून, मान वर करून गायली. तो ओकार वर, आणखी वर, दिशाने हाक जेथे सोडली होती तेथपर्यंत गेला आणि तेथे थरथर न करता उभा राहिला. त्यालाही माईक लागला नाही.

रंगमंचावर दिशाने डोळे मिटून घेतले.

ओकार संपला. मग कोणीतरी टाळी वाजविली आणि तिच्यामागून सारे नाट्यगृह कडाडले. लोकांना वाटले, खेळच असा बसविलेला आहे.

---

रंगमंचामागील अरुंद बोळात दिशा अजून कोळिणीच्या वेषात होती. तिच्या डोळ्यांतील काजळ गालांवर उतरले होते.

"तूच ना, ताई?"

"अण्णांचा गळा पडला," पूजा म्हणाली. "मी नुसतं सावरलं."

"तिसऱ्या हाकेनंतर नऊ सेकंद काही नसतं. कोणी उत्तर देत नाही, म्हणून तिला कळतं की तो गेला. त्या नऊ सेकंदांत नुसतं उभं राहायला मी दोन वर्षं शिकले. ते नऊ सेकंद माझे होते, ताई. आणि टाळ्या कोणाला पडल्या?"

पूजाच्या छातीत एक गोड कळ उठली. असे वाटणे बरोबर नव्हे हे तिला समजत होते, तरीही ते वाटले.

"पडल्या तर पडल्या. तुला काय कमी हायेत? भिंतीवर चाकाएवढं त्वांड लावलंय तुझं."

"तुला कळायचं नाही. लहानपणी तू पुढं आणि मी मागं. मास्तर म्हणायचे, दिशा, पूजाकडे बघ. जर्मनीत गात होते तरी मनात तूच पुढे बसलेली असायचीस. आज वाटलं, एकदाची मी पुढे आहे आणि तू समोर बसून ऐकते आहेस. तर आजही तूच..."

"मग मागंच ऱ्हायचं हुतं!" पूजा म्हणाली. "माझ्या जागंवर कशाला गेलीस? तुझ्या बापानं माझा फॉर्म दाबला म्हनून..."

"बास झालं हं, पूजा!" रेणुकाबाई पुढे आल्या. "अठरा वर्षं ऐकून घेतलं. सणाला शिव्या, लग्नाला शिव्या. अहो, आता तरी सांगा ना!"

"रेणुका, गप बस," अजिनाथराव म्हणाले.

"का गप बसू? मी शब्द दिला नव्हता. तुम्ही दिला होता."

"कसला शब्द?" चांगुणाबाईंनी विचारले.

त्या अवघ्या बोळात तेवढे एक सोडून सर्व काही बोलून झाले होते. गहिनीनाथरावांनी फेटा काढून हातात घेतला. फेट्याशिवाय ते लहान दिसले.

"फारम अजिनाथाकडं पोचलाच न्हवता," ते म्हणाले.

"मग कुठं गेला?" पूजाने विचारले.

"माझ्याकडं ऱ्हायला. पेटीच्या भात्याखाली. आजून तिथंच हाय."

पूजाला प्रथम अर्थबोधच झाला नाही. ती पेटी तिने कितीदा पुसली होती. माहेरपणाला आली की तीच तिच्यावरची धूळ झटकी.

"त्या साली सप्त्यात तू गायलीस," गहिनीनाथराव जमिनीकडे पाहून सांगू लागले. "लोक म्हनले, बापापरीस लेक सरस. धा जनांनी म्हनलं. मी हसलो. घरी आलो आन् मला भाकर गेली न्हाई. सही करायला फारम घेतला, तर हात हालंना. म्हनलं, उद्या करू. उद्याचं परवा झालं. मग मुदत गेली."

"आन् नाव तात्यांचं घेतलंत."

"घेतलं न्हाई. तू घेतलंस. मी निस्तं..."

"निस्तं गप ऱ्हायलात," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन् मी यड्यावानी जावंला टोमनं मारीत बसले." त्या नवऱ्यापासून दोन पावले सरकून रेणुकाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"दोष माझाही आहे, पूजा," अजिनाथराव म्हणाले. "मुदतीच्या दोन दिवस आधी दादांनी मला सांगितलं. पोरीच्या मनातून बाप उतरू देऊ नको म्हणाले. मी मास्तरांकडून दुसरा फॉर्म आणून चुलता म्हणून सही करू शकलो असतो. एका दिवसाचं काम होतं. पण तुझं नाव गळलं की दिशाचं लागत होतं. मी शब्द दिला, आणि देताना मला बरं वाटलं."

दिशाने बापाकडे पाहिले. काजळाखालील तिचा चेहरा पांढरा पडला होता. जे योगायोगाने आपल्याकडे आले असे तिला आजवर वाटत आले, ते मोठ्यांनी जाणूनबुजून सोडले म्हणून तिच्या हाती आलेले होते.

"उद्या पुन्हा खेळ आहे," ती म्हणाली. "ताई, येशील?"

"येईन."

"गप्प बसशील?"

पूजाने खांद्यावरचा पदर ओढून घेतला.

"बसंन. पन लई जड जाईल."

---

करंजीचा घाट चढू लागला की गहिनीनाथराव गाणे सुरू करीत. हा त्यांचा जुना शिरस्ता होता. ते ओळ म्हणत आणि गाडीतले सर्व झील धरीत. आज जीप पहिल्या वळणावरून गेली, दुसऱ्या वळणावरून गेली. मावळतीचे ऊन डोंगराच्या कुसळांवर पिवळे पडले होते. ते गायले नाहीत.

"पूजा," त्यांनी पुढच्या आसनावरून हाक मारली.

पूजा खिडकीबाहेर पाहत होती.

"पूजाबाई."

चांगुणाबाईंनी लेकीकडे पाहिले आणि मान फिरविली. ड्रायव्हरने गियर बदलला. वळण संपेपर्यंत गहिनीनाथराव थांबले.

"माय माझी," ते म्हणाले. शब्द इतके हलके होते की इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू आले.

ओ आली नाही. नऊ सेकंद गेले, त्याहून अधिक गेले. कोळिणीच्या त्या शांततेत काय होते, ते गहिनीनाथरावांना आता समजले.

घाटमाथा आला तेव्हा पूजाने खिडकीबाहेरच पाहत गाण्यास आरंभ केला. गहिनीनाथरावांच्या वडिलांनी, सहादेव बुवांनी, रचलेली घरची गवळण होती ती. आजवर घरात तिची पहिली ओळ गहिनीनाथरावांवाचून कोणी उचलली नव्हती.

"थांब यमुने, थांब गं, माझी घागर बुडेना..."

तिने काळी पाच धरली होती. बापाचा गळा आता तेथवर पोहोचत नाही, हे आज दुपारी पाचशे लोकांनी ऐकले होते. तिने ओळ सोडली आणि ती थांबली. पुढच्या आसनावरून खाकरल्याचा आवाज आला. आणि मग आयुष्यात प्रथमच गहिनीनाथरावांनी कोणाची तरी झील धरली. त्यांचा स्वर अर्ध्यात फाटला. त्यांनी तो पुन्हा धरला, आणि तो पुन्हा फाटला.

पूजाने दुसरी ओळ टाकली. स्वर तिने खाली घेतला नाही. तिसगावचे दिवे दिसू लागले तरी घेतला नाही, आणि पुढच्या आसनावरून प्रत्येक ओळीला तो फाटका आवाज येत राहिला.